पत्ता सबनेटमध्ये आहे तरी पायथन "नाही" म्हणतोय: एका गेटपास पोर्टलचं प्रकरण

प्रकरण एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं आहे, नाव लिहीत नाही. मुख्य ऑफिस पुण्यात, गोदाम भिवंडीला, डेपो नाशिकला, आणि बरेच लोक घरून व्हीपीएनवर काम करणारे. गाड्यांचे गेटपास काढायला त्यांचं एक छोटं पोर्टल आहे, पायथनच्या फ्लास्कमध्ये लिहिलेलं, खाली ते चालवणारा सर्व्हर प्रोग्रॅम गनिकॉर्न. लॉगिनच्या आधी एकच चाळणी, रिक्वेस्ट ज्या आयपी पत्त्यावरून आली तो कंपनीच्या मान्य सबनेटपैकी, म्हणजे पत्त्यांच्या ठरलेल्या गटांपैकी, कशात बसतो का ते बघायचं, बसला तर आत नाहीतर सरळ ४०३, म्हणजे प्रवेश नाही. मान्य सबनेटची यादी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, एका ओळीत एक, आणि ती फाइल नेटवर्कवाले सांभाळतात.

जुन्या सर्व्हरवर पायथन ३.८ ची अगदी सुरुवातीची आवृत्ती होती, टाकल्यापासून अपडेट न केलेली. नवीन सर्व्हरवर ३.१२ आलं. शनिवारी सगळं हलवलं, डेव्हलपरने स्वतः उघडून बघितलं, चालतंय, आणि सोमवारी सकाळी भिवंडीच्या गेटवरून फोन, "साहेब, पास निघत नाहीये, गाड्या रांगेत उभ्यात, ड्रायव्हर ओरडायला लागलेत."

एक आधीच सांगतो, इथे पत्ते मराठी आकड्यांत लिहिलेत पण टर्मिनलवर टाकताना इंग्रजी आकडेच टाका. पायथनचं इंट फंक्शन मराठी १० ला बिनतक्रार दहा समजतं, पण आयपीअ‍ॅड्रेस मॉड्यूल (पत्ते तपासायला पायथनसोबतच येतं ते) फक्त आस्कीमधले, म्हणजे साधे इंग्रजी, आकडे घेतं आणि बाकी सगळ्याला एरर देतं, जे माझ्या मते एकदम बरोबर आहे.

तर सोमवारचं चित्र असं होतं. पुणे ऑफिस पूर्ण बंद. नाशिक व्यवस्थित चालू. भिवंडी अर्धं, म्हणजे वरच्या ऑफिसमधून उघडतंय पण गेटवरच्या कॉम्प्युटरवरून नाही. व्हीपीएनवाले सगळे बाहेर. असं चित्र दिसलं की कोणालाही वाटतं नेटवर्कचा घोळ असणार, रूटिंग असेल, फायरवॉल असेल, आणि सकाळचा बराच वेळ त्यातच गेला. पण ४०३ हे उत्तर पोर्टल स्वतः देत होतं, म्हणजे रिक्वेस्ट पोचत होती, म्हणजे नेटवर्कने आपलं काम केलेलं होतं. मग बघायचा तो कोडच.

तपासणीचं फंक्शन जेमतेम दहा ओळींचं. आलेला पत्ता आयपी_अ‍ॅड्रेस फंक्शनला द्यायचा, यादीतली प्रत्येक ओळ आयपी_नेटवर्कला द्यायची, मग "इन" लावून विचारायचं हा त्यात आहे का. हे सगळं लूपमध्ये, आणि लूपच्या आत एरर पकडणारं ट्राय-एक्सेप्ट, व्हॅल्यूएरर आला तर कंटिन्यू, पुढच्या ओळीवर जा. लूप संपला तर रिटर्न फॉल्स. असा कोड खूप ठिकाणी दिसतो आणि वाचताना समंजस वाटतो, एखादी ओळ खराब असली म्हणून सगळं पोर्टल का बंद पाडायचं. पण "हा पत्ता या सबनेटमध्ये आहे का" या प्रश्नाला उत्तरं दोन नाहीत, तीन आहेत: आहे, नाही, आणि तिसरं म्हणजे तुमचा प्रश्नच मला कळला नाही. मॉड्यूल हे तिसरं उत्तर एरर देऊन स्पष्ट सांगत होतं आणि कोड त्याला गुपचूप "नाही" च्या खात्यात टाकत होता. पुढे जे जे सापडलं ते जवळपास सगळं इथेच लपलेलं होतं.

म्हणून पहिला बदल दुरुस्तीचा केला नाही, फक्त दिसण्याचा केला. एक्सेप्टमध्ये लॉगिंग टाकलं, आणि लॉगमध्ये आलेला पत्ता आणि यादीची ओळ दोन्ही पायथनच्या रेप्र फंक्शनमधून काढून लिहिली, साध्या प्रिंटने नाही. हे फार महत्त्वाचं आहे, साध्या प्रिंटमध्ये शेवटची स्पेस दिसत नाही, अदृश्य अक्षरं दिसत नाहीत, रेप्र सगळं उघडं करून दाखवतं. पोर्टल रिस्टार्ट केलं आणि लॉग भरायला लागला.

पुण्याच्या रिक्वेस्टचा पत्ता लॉगमध्ये १०.२०.१७.४० असा नव्हता. तो होता ::एफएफएफएफ:१०.२०.१७.४०. झालं होतं असं की नवीन सर्व्हरवर गनिकॉर्नचा बाइंड पत्ता, म्हणजे ज्यावर तो ऐकतो तो, ०.०.०.० ऐवजी [::] केला होता, पुढेमागे आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी, लांब पद्धत; नेहमीची ती आयपीव्ही४) येईल म्हणून, हेतू चांगलाच. लिनक्समध्ये बाइंडव्ही६ओन्ली हे सेटिंग डिफॉल्टला शून्य असतं, म्हणजे [::] वर ऐकणारं सॉकेट आयपीव्ही४ ची कनेक्शनसुद्धा घेतं, फक्त समोरच्याचा पत्ता आयपीव्ही६ च्या वेष्टनात देतं. त्याला आयपीव्ही४-मॅप्ड पत्ता म्हणतात. आता पायथनच्या दृष्टीने हा आयपीव्ही६ पत्ता, यादीतलं १०.२०.०.०/१६ (/१६ म्हणजे पत्त्याचे पहिले १६ बिट ठरलेले, पुढचे मोकळे) हे आयपीव्ही४ नेटवर्क, आणि दोघांची आवृत्ती वेगळी असली की "इन" काहीही न बोलता फॉल्स देतं. एरर नाही, वॉर्निंग नाही. म्हणजे इथे एक्सेप्टचा पण दोष नाही, मॉड्यूल स्वतःच गप्प बसतं. लॉगमध्ये पत्ता लिहिलाच नसता तर हे शोधायला अजून किती वेळ गेला असता सांगता येत नाही.

नाशिक का चालू होतं तेही इथेच कळलं. नाशिक आणि भिवंडी एका प्रॉक्सीमागून, म्हणजे मधल्या एका सर्व्हरमधून, येतात, प्रॉक्सी एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडरमध्ये साधा आयपीव्ही४ पत्ता घालून पाठवते, आणि कोड तो हेडर असला तर तोच वापरतो. पुणे आणि व्हीपीएन थेट गनिकॉर्नवर. (डेव्हलपरने शनिवारी बघितलं ते थेट सर्व्हरवर बसून, लोकलहोस्टवरून, आणि लोकलहोस्टला कोडमध्ये वेगळी सूट होती.)

आता या प्रकरणातला सगळ्यात धोक्याचा भाग. दुपारपर्यंत पुणे बंद ठेवणं शक्य नव्हतं म्हणून कोणीतरी यादीत पटकन एक ओळ घातली, ::एफएफएफएफ:१०.२०.०.०/११२. आणि हे चालतं. १२८ बिटांतले शेवटचे १६ मोकळे सोडले की ११२ उरतात, म्हणजे १०.२० ने सुरू होणारे सगळे मॅप्ड पत्ते त्यात येतात, मॉड्यूल ही ओळ आनंदाने घेतं, पुणे ऑफिस उघडलं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण पोर्टलमध्ये दुसरी पण एक यादी होती, नाकारायची. पुणे ऑफिसचं पाहुण्यांचं वायफाय १०.२०.२४०.०/२२ हे त्याच १०.२०.०.०/१६ च्या पोटात आहे, त्यामुळे ते वेगळं नाकारलेलं होतं, आणि त्यासाठी तेच फंक्शन वापरलं होतं. मान्य यादीत मॅप्ड ओळ आली, नाकारायच्या यादीत नाही आली. पाहुण्याच्या फोनवरून आलेला पत्ता मान्य यादीला "आहे" आणि नकार यादीला "नाही", म्हणजे आत. जे आधी कोणालाच उघडत नव्हतं ते आता रिसेप्शनमध्ये बसलेल्या कोणालाही लॉगिन पानापर्यंत नेत होतं.

इथे मला मनापासून सांगायचंय, चुकलेल्या इनपुटला फॉल्स देणं मान्य यादीपुरतं सुरक्षित असतं कारण दरवाजा बंद राहतो, पण तेच फंक्शन नकार यादीला लावलं की तोच फॉल्स दरवाजा उघडतो. एकाच फंक्शनचं गप्प बसणं एकीकडे गैरसोय आणि दुसरीकडे भोक. म्हणून "सेफ बाजूला चुकतंय ना, मग चालेल" हा युक्तिवाद मला पटत नाही, फंक्शनला माहीतच नसतं आपण कुठल्या बाजूला वापरले जातोय.

ती ओळ लगेच काढली आणि दुरुस्ती जिथे व्हायला हवी तिथे केली, पत्ता आत येतो त्याच ठिकाणी. आयपीव्ही६ पत्त्याच्या ऑब्जेक्टला आयपीव्ही४_मॅप्ड नावाचा गुणधर्म असतो, पत्ता मॅप्ड असेल तर त्यातून आतला आयपीव्ही४ पत्ता मिळतो, नसेल तर नन, म्हणजे काहीच नाही. पत्ता पार्स केला की लगेच हे बघायचं, मिळालं तर पुढे तोच पत्ता वापरायचा. दोन ओळींचं काम. मग मान्य यादी, नकार यादी, लॉग, सगळीकडे एकच रूप जातं. पुणे उघडलं, पाहुण्यांचं वायफाय बंद झालं.

व्हीपीएन मात्र अजून बंदच. खरं तर व्हीपीएनला दोन दुखणी होती आणि पहिलं बरं झाल्यावरच दुसरं दिसलं. नवीन सर्व्हरबरोबर व्हीपीएनची रेंज बदलली होती आणि नेटवर्कवाल्यांनी यादीत लिहिलं होतं १०.९९.४.१/२२, म्हणजे गेटवेचा पत्ता आणि त्याला मास्क (तिरप्या रेघेनंतरचा आकडा). माणसाला यात काही खटकत नाही, राउटरच्या कॉन्फिगमध्ये इंटरफेस असाच लिहितात. पण आयपी_नेटवर्क डिफॉल्टला कडक असतं, नेटवर्कचा पत्ता हवा तर होस्टचे बिट, म्हणजे मास्कनंतर मोकळे उरलेले, शून्य पाहिजेत, १०.९९.४.०/२२ असा. नाहीतर व्हॅल्यूएरर, होस्ट बिट्स सेट आहेत म्हणून. आणि तो एरर पुन्हा कंटिन्यूने गिळलेला.

इंटरनेटवर याचं उत्तर सगळीकडे एकच मिळतं, स्ट्रिक्ट=फॉल्स टाका. टाकलं की चालतं. पण परवानगीच्या यादीत ते टाकायला माझा विरोध आहे. समजा कोणी /२२ लिहिताना एक आकडा खाल्ला आणि १०.९९.४.१/२ असं झालं. कडक मोडमध्ये एरर येईल. स्ट्रिक्ट=फॉल्स असेल तर मॉड्यूल मुकाट्याने त्याचं ०.०.०.०/२ करेल, म्हणजे आयपीव्ही४ ची एक चतुर्थांश दुनिया, १०७ कोटींहून जास्त पत्ते, आत. टायपिंगच्या एका चुकीला एवढी किंमत नको. इंटरफेससारखी लिहिलेली ओळ खरंच घ्यायची असेल तर आयपी_इंटरफेस वापरा आणि त्याच्या नेटवर्क गुणधर्मातून सबनेट घ्या, मग निदान कोड वाचणाऱ्याला कळतं की हे मुद्दाम केलंय, आणि मास्क किती रुंद चालेल याची एक मर्यादा वेगळी घाला. इथे आम्ही यादीतली ओळच दुरुस्त करून घेतली.

भिवंडीचं गेट हा सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग होता कारण ओळ डोळ्यांना ठीक दिसत होती. ओळ होती ०१०.०४०.०१६.०००/२२, म्हणजे मास्क साधाच, पण पत्त्याचा प्रत्येक भाग तीन आकडी, पुढे शून्य भरून. कोणीतरी एक्सेलमध्ये यादी नीट क्रमाने लागावी म्हणून तसं केलं असणार आणि तिथून ती फाइलमध्ये आली. जुन्या सर्व्हरवर ही ओळ वर्षानुवर्षं चालत होती. नवीनवर एरर. आणि एररचा मजकूर इतकाच की हे आयपीव्ही४ किंवा आयपीव्ही६ नेटवर्क वाटत नाही. का वाटत नाही ते सांगत नाही.

हे असं का तर आयपी_नेटवर्क फंक्शन आधी आयपीव्ही४ म्हणून प्रयत्न करतं, तो फसला की आयपीव्ही६ म्हणून, तोही फसला की स्वतःचा एक मोघम एरर देतं आणि आतलं खरं कारण हरवतं. म्हणून शोध घेताना एक सवय लावून घ्या, थेट आयपीव्ही४नेटवर्क क्लासला ती ओळ द्या. त्याने लगेच सांगितलं की सुरुवातीची शून्यं चालत नाहीत, आणि कुठल्या भागात तेही.

सुरुवातीच्या शून्यांची गोष्ट जरा मोठी आहे आणि ती माहीत असायलाच हवी. जुन्या सी लायब्ररीतल्या आयनेट_एटॉन फंक्शनमध्ये शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा धरतात, म्हणजे ०१० म्हणजे दहा नाही, आठ. त्या हिशोबाने ०१०.०४०.०१६.००० हा १०.४०.१६.० नाहीच, तो ८.३२.१४.०, आणि तो खासगी पत्ता पण नाही. पायथन ३.७ पर्यंत मॉड्यूल असे संदिग्ध आकडे नाकारत होतं, ३.८ मध्ये ते दशमान समजून घ्यायला लागलं, आणि मग २०२१ मध्ये हा सुरक्षेचा दोष म्हणून नोंदवला गेला, सुरक्षा-दोषांच्या जाहीर यादीतला त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२१-२९९२१. तपासणारा कोड एक पत्ता समजतो आणि प्रत्यक्ष कनेक्शन करणारा दुसरा, या फटीतून हल्ला होऊ शकतो. त्याच वर्षी जावास्क्रिप्टच्या नेटमास्क पॅकेजमध्येही याच जातीचा दोष सापडला होता. पायथनने ३.९.५ आणि ३.८.१२ पासून सुरुवातीची शून्यं सरळ बंद केली. म्हणजे भिवंडीची ओळ नवीन पायथनने तोडली असं नाही, ती जुन्या पायथनच्या ढिलाईवर उभी होती.

यावर बैठकीत एक सूचना आली की आलेली शून्यं कोडमध्येच काढून टाकू, लहानसं रेगेक्स. नको. फाइलमध्ये ०१० लिहिणाऱ्याला दहा म्हणायचं होतं की कुठल्या जुन्या उपकरणाने अष्टमान लिहिलंय हे कोडला कळू शकत नाही, ते फक्त माणूस सांगू शकतो. गेटवर फोन करून एका कॉम्प्युटरचा पत्ता वाचून घेतला, १०.४०.१७ ने सुरू होणारा निघाला, मग ओळ १०.४०.१६.०/२२ केली. गाड्या सुटल्या.

दुसरी सूचना, हे सगळं सोडून पत्ता खासगी आहे का एवढंच सांगणारं इज_प्रायव्हेट वापरू, आपले सगळे पत्ते खासगीच आहेत ना. ही पण वारंवार ऐकू येते. पाहुण्यांचं वायफाय पण खासगी पत्त्यांवरच आहे, त्यामुळे इथे ती मुळातच बाद. शिवाय इज_प्रायव्हेटमध्ये नुसत्या १०, १७२.१६ आणि १९२.१६८ या तीनच रेंज येत नाहीत, लूपबॅक, लिंक-लोकल, नमुन्यासाठी राखलेल्या रेंज असं बरंच काही येतं, आणि मोबाइल कंपन्या वापरतात ती १००.६४.०.०/१० खासगीतही धरली जात नाही आणि सार्वजनिकमध्येही नाही. "आपलं नेटवर्क" याचा अर्थ मॉड्यूलला माहीत नसतो.

लॉगमुळे अजून एक गोष्ट वर आली जिच्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. फाइलची पहिलीच ओळ वगळली जात होती. विंडोजवर कोणीतरी फाइल बीओएमसकट (फाइलच्या सुरुवातीला एन्कोडिंग सांगणारी खूण) सेव्ह केली होती, त्यामुळे पहिल्या पत्त्यापुढे एक अदृश्य अक्षर चिकटलेलं. ती रेंज सध्या कोणी वापरत नाही म्हणून कळलं नाही इतकंच. स्ट्रिपने हे जात नाही, वर्ड किंवा मेलमधून कॉपी केलेली न तुटणारी स्पेस स्ट्रिपने जाते पण बीओएम आणि शून्य रुंदीची स्पेस पायथनच्या लेखी रिकामी जागा नाहीतच. फाइल यूटीएफ-८-सिग एन्कोडिंगने उघडली की सुरुवातीचा बीओएम आपोआप गळतो.

आणि शेवटचा दोष, जो मला सगळ्यात जास्त खटकला. यादीत नवीन ओळ घालताना ती आधीच्या कशात येते का, किंवा नकार यादीशी भिडते का, हे बघणारी एक छोटी स्क्रिप्ट होती. आधी ती नेटअ‍ॅडर लायब्ररीवर चालायची. स्थलांतरात एक बाहेरची लायब्ररी कमी करू म्हणून ती आयपीअ‍ॅड्रेसवर आणली, हा निर्णय चांगला होता. पण नेटअ‍ॅडरमध्ये एक नेटवर्क दुसऱ्या नेटवर्कमध्ये आहे का हे "इन" ने विचारता येतं आणि बरोबर उत्तर येतं. आयपीअ‍ॅड्रेसमध्ये "इन" हे फक्त पत्त्यासाठी आहे, डावीकडे नेटवर्क दिलं तर उत्तर कायम फॉल्स, १०.२०.२४०.०/२२ हे १०.२०.०.०/१६ मध्ये आहे का म्हटलं तरी फॉल्स. कोड तसाच, वाक्य तसंच, अर्थ गेला. स्क्रिप्ट प्रत्येक वेळी "भिडत नाही" सांगत होती. इथे सबनेट_ऑफ वापरायचं, ते पायथन ३.७ पासून आहे, किंवा नुसतं एकमेकांवर येतात का बघायचं तर ओव्हरलॅप्स. सबनेट_ऑफला आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ एकत्र दिले तर ते टाइपएरर देतं, गप्प बसत नाही, आणि मला तेच आवडतं.

उलट दिशेने जाणाऱ्यांसाठी पण सांगून ठेवतो, नेटअ‍ॅडरच्या १.० च्या आधीच्या आवृत्त्यांत नुसता पत्ता पार्स करताना तो जुना आयनेट_एटॉनचा नियम डिफॉल्ट होता, नुसतं १० दिलं तर ०.०.०.१० मिळायचं. १.० पासून तो कडक झाला. तेव्हा जुन्या प्रोजेक्टमध्ये कुठली आवृत्ती पडलीय ते आधी बघा.

आता रचना बदललीय. यादी पोर्टल सुरू होतानाच एकदा वाचली जाते, प्रत्येक रिक्वेस्टला नाही. एकही ओळ खराब असेल तर पोर्टल सुरूच होत नाही आणि ओळीचा क्रमांक, रेप्र आणि खरं कारण दाखवतं. यावर बराच वाद झाला, एका ओळीसाठी सगळं बंद का, पण यादी बदलते तेव्हा माणूस समोर बसलेला असतो आणि तेव्हाच त्याला कळलेलं बरं. रिक्वेस्टचा पत्ता पार्स झाला नाही तर उत्तर ४०३ नाही, ४००, म्हणजे रिक्वेस्टच चुकीची, आणि लॉगमध्ये वेगळी नोंद. एक्स-फॉरवर्डेड-फॉर फक्त तेव्हाच वाचतात जेव्हा समोरचं कनेक्शन खरंच आपल्या प्रॉक्सीचं असतं, कारण पूर्वी थेट येणाऱ्या कोणीही तो हेडर स्वतः लिहून पाठवला असता तरी कोडने मानला असता. आणि त्या हेडरमधला सगळ्यात उजवा पत्ता घेतात, तो आपल्या प्रॉक्सीने लिहिलेला असतो, डावीकडचे कोणीही लिहू शकतं.

टेस्टमध्ये मॅप्ड पत्ता, शून्यं भरलेला पत्ता, होस्ट बिटवाली ओळ, बीओएम आणि पाहुण्यांच्या वायफायमधला पत्ता हे सगळे घातलेत, आणि प्रत्येकाचं अपेक्षित उत्तर तीनपैकी एक लिहिलंय. गनिकॉर्न अजून [::] वरच आहे. पुण्यात खरं आयपीव्ही६ सुरू होईल तेव्हा ते पत्ते मॅप्ड नसतील, यादीत त्यांच्या रेंज वेगळ्या घालाव्या लागतील, आणि पाहुण्यांच्या वायफायची आयपीव्ही६ रेंज नकार यादीत त्याच दिवशी जायला हवी, ते काम नेटवर्कवाल्यांच्या तिकिटात लिहून ठेवलंय.